जुन्या भाषेत नवा विचार

एखादा विचार कोणत्या भाषेत जन्मला, यावर तो कोणाचा हे ठरत नाही. ही गोष्ट आम्हा मराठी मुसलमानांना मुद्दाम शिकवावी लागत नाही. घरात दखनी, शाळेत मराठी, दुआ अरबीत आणि पोटापाण्याची पुस्तके इंग्रजीत. आमचा एकेक दिवस चार भाषांच्या गल्ल्यांतून जातो. अम्मी दखनीत रागावते, त्याच रागाचे उत्तर आम्ही मास्तरांना मराठीत देतो. राग तोच असतो. एका भाषेत एखाद्या गोष्टीला शब्द नसला म्हणून ती गोष्ट आमच्या घरात नव्हती असे कधी झाले नाही. शब्द नसेल तर दोन शब्द जोडायचे, हाताने दाखवायचे, पण काम अडू द्यायचे नाही.

संगणकाच्या भाषांबाबतही हेच खरे आहे, हे कळायला मात्र आम्हाला दोन वर्षे लागली. त्या दोन वर्षांची ही हकीकत आहे. वाचकांपैकी अनेकांनी संगणकाची भाषा शिकलेली नसेल. त्यांनी घाबरू नये. जे सांगायचे आहे ते सतार, तानपुरा आणि शिलाई यांच्या आधारानेही सांगता येते. आम्हालाही ते तसेच कळले.

आम्ही म्हणजे मिरजेतील चौघे. एक सतारमेकरांच्या घरातला, एक रेल्वेतील फिटरचा मुलगा, एक बेकरीवाल्याचा आणि चौथी शिंपीकाम करणाऱ्यांची मुलगी. १९९९-२००० चा काळ. वर्ष दोन हजारच्या तारखेचा घोळ दुरुस्त करायला जगभर माणसे हवी होती आणि गल्लोगल्ली संगणकाचे क्लास निघाले होते. ज्याला त्याला अमेरिकेचे विमान दिसत होते. मोठ्या शहरांतील क्लासमध्ये 'सी प्लस प्लस' आणि 'जावा' शिकवत. फी ऐकून आमच्या घरी कोणी काही बोलले नाही. अब्बांनी चष्मा पुसला, एवढेच.

आम्हाला मिळाला तो एका जुन्या इमारतीच्या माळ्यावरचा क्लास. तीन संगणक, त्यातला एक बहुधा बंद. त्यावर बोरलँड कंपनीचा 'टर्बो सी'. हा कंपायलर १९८७ साली पहिल्यांदा बाजारात आला आणि आपल्याकडे पुढे कितीतरी वर्षे पुरला. थोड्या फ्लॉपींवर मावायचा, दुबळ्या यंत्रावरही चालायचा. कंट्रोल आणि एफ-नऊ दाबले की प्रोग्रॅम धावे, आल्ट आणि एफ-पाच दाबले की उत्तर दिसे. चौघांत मिळून एकच पुस्तक होते, नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे 'लेट अस सी'. ते इतके वापरले की त्याची शिवण बेकरीच्या दोऱ्याने पुन्हा घालावी लागली.

शिकवणारे भाईजान डिप्लोमा झालेले होते. नोकऱ्यांच्या जाहिराती आम्ही त्यांच्यापुढे नेल्या. प्रत्येक जाहिरातीत 'ऑब्जेक्ट ओरिएंटेड' हे शब्द असायचेच. आमच्या यंत्रावर ती भाषाच नव्हती. भाईजान म्हणाले, ''पैले हाथ बैठने देव, औजार की बात बाद में. चीज समझ में आई तो सी में बी आती.''

आता ही 'चीज' काय होती ते सांगायला हवे.

सी ही कृतीची भाषा. डेनिस रिची यांनी अमेरिकेतील बेल लॅब्समध्ये १९७२ च्या सुमारास ती घडवली. या भाषेत माहिती एकीकडे आणि त्या माहितीवर करायची कामे दुसरीकडे. लग्नाच्या घरात एकच माणूस हातात यादी घेऊन धावतो: तांदूळ धुवा, मंडप बांधा, पाहुण्यांना आणा. प्रत्येक काम कसे करायचे हेही त्यालाच माहीत असावे लागते. घर छोटे असेल तोवर हे जमते. चारशे पाहुणे झाले की तो माणूस आडवा होतो. दुसरी पद्धत अशी की बावर्ची आपली भांडी आणि आपले कसब बरोबर घेऊन येतो, मंडपवाला आपले बांबू घेऊन येतो. त्यांना फक्त 'तयारी करा' एवढेच सांगायचे. माहिती आणि कसब एका ठिकाणी बांधलेला असा प्रत्येक जण म्हणजे एक 'ऑब्जेक्ट'. या दुसऱ्या पद्धतीची पहिली भाषा नॉर्वेत जन्मली. ओस्लोच्या नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन नायगार्ड यांनी 'सिम्युला ६७' मध्ये क्लास, ऑब्जेक्ट आणि वारसा या कल्पना आणल्या. पुढे सत्तरच्या दशकात झेरॉक्सच्या पार्क या संशोधन केंद्रात ॲलन के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'स्मॉलटॉक' रचली. ही नावे आम्हाला नंतर कळली. त्या वेळी आमच्यापुढे होता तो फक्त निळा पडदा.

भाईजाननी काम दिले ते आमच्यातल्या एकाच्या घरचे. सतारीच्या कारखान्यातील ऑर्डरींची वही संगणकावर आणायची. मिरजेची तंतुवाद्ये सर्वांना ठाऊक आहेत. एकोणिसाव्या शतकात शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी इथे हा धंदा रुजवला. हत्यारांना धार लावणारे हात सतारीकडे वळले. एका धातूत शिकलेली नजर दुसऱ्या लाकडात कामाला आली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. आमच्या वहीत मात्र साधी माहिती होती: कोणते वाद्य, कोणाचे, भोपळा कुठवर आला, तारा चढल्या की नाही.

पहिला धडा झाकण्याचा. सी भाषेत 'स्ट्रक्ट' नावाचा एक डबा असतो. त्यात वेगवेगळ्या प्रकारची माहिती एकत्र ठेवता येते. आम्ही तानपुऱ्याचा डबा केला, पण तो उघड्यावर ठेवला नाही. एका फाइलीत फक्त एवढेच लिहिले की 'तानपुरा नावाची एक वस्तू आहे आणि तिच्यावर ही चार कामे करता येतात'. डब्यात खरोखर काय आहे ते दुसऱ्या फाइलीत. बाहेरच्या माणसाच्या हाती तानपुऱ्याचा पत्ता, म्हणजे पॉइंटर, तेवढा येतो. त्याने आतल्या तारांना परस्पर हात घालायचा म्हटला तर कंपायलरच अडवतो, कारण आत तारा आहेत हेच त्या कंपायलरला त्या जागी ठाऊक नसते. आणि जी कामे घरच्या घरात करायची, त्यांच्यापुढे 'स्टॅटिक' शब्द लावला की ती त्या फाइलीबाहेर दिसतच नाहीत.

आमच्यातली शिंप्याची मुलगी हे ऐकून हसली. म्हणाली, ''म्हणजे कपडा मापाला बसला का ते गिऱ्हाईक बघणार. आतली शिलाई उसवून बघायची नाही.'' मग थोड्या वेळाने म्हणाली, ''पण शिलाई बदलायची तर ती मी बदलू शकते. गिऱ्हाइकाला विचारायला नको.'' पुस्तकांत ज्याला 'एन्कॅप्सुलेशन' म्हणतात त्याचा हा अर्ध्या मिनिटात सांगितलेला सगळा अर्थ आहे. झाकणे हा नुसता संशय नव्हे. झाकल्यामुळे आतल्या माणसाला सुधारण्याची मोकळीक मिळते.

भाईजाननी मग आमच्याच वापरातली एक गोष्ट दाखवली. सी शिकणारा प्रत्येक जण पहिल्या महिन्यात फाइल उघडतो, लिहितो, बंद करतो. 'एफ-ओपन' ने एक पत्ता मिळतो, तो 'एफ-प्रिंट-एफ' ला द्यायचा, शेवटी 'एफ-क्लोज' ला द्यायचा. त्या पत्त्यामागच्या डब्यात काय आहे हे आम्ही कधी पाहिले होते? नाही. पाहण्याची गरज पडली होती? तीही नाही. शिवाय टर्बो सीमध्ये तोच 'एफ-प्रिंट-एफ' पडद्याचा पत्ता दिला तर पडद्यावर लिहितो, डिस्कवरील फाइलचा दिला तर डिस्कवर लिहितो आणि प्रिंटरचा दिला तर कागदावर. आज्ञा एकच, वागणूक ज्याची त्याची. म्हणजे ज्या भाषेत 'ती गोष्ट नाही' असे सगळे सांगत होते, तिच्या दारातच ती बसलेली होती. तिला नाव नव्हते, इतकेच.

दुसरा धडा वारशाचा. आमच्या घरांत वारसा म्हटले की हिस्से आठवतात, सात-बारा आठवतो आणि मामा-चाचांचे अबोले आठवतात. हा वारसा तसा नाही. तो वाटल्याने कमी होत नाही. सतार, तानपुरा, दिलरुबा या सगळ्यांना दांडी आहे, खुंट्या आहेत, घोडी आहे, तारा आहेत. मग प्रत्येकासाठी हे पुन्हा पुन्हा का लिहायचे? आम्ही 'तंतुवाद्य' नावाचा एक डबा केला. सतारीच्या डब्यात अगदी पहिल्या खान्यात तो अख्खा डबा ठेवला आणि त्यानंतर सतारीचे स्वतःचे: पडदे आणि तरफा.

पहिलाच खाना का? यात सी भाषेची एक खुबी आहे. १९८९ च्या अमेरिकी प्रमाणित नियमांनुसार स्ट्रक्टचा पत्ता आणि त्यातील पहिल्या घटकाचा पत्ता एकच असतो. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या घराचा पत्ता तोच गल्लीचा पत्ता, तसे. त्यामुळे तंतुवाद्यासाठी लिहिलेले कोणतेही काम सतारीचा पत्ता घेऊन बिनतक्रार चालते. त्याला वाटते आपल्यापुढे तंतुवाद्य आहे, आणि ते खरेही असते. त्यापुढे पडदे आहेत याच्याशी त्याला घेणे नसते.

तिसरा धडा आम्हाला सर्वांत जड गेला आणि सर्वांत आवडला. समजा यादीत वीस वाद्ये आहेत आणि प्रत्येकाला सांगायचे आहे, 'वाज'. तानपुरा आपल्या चार तारा छेडणार, सतार नखीने वाजणार, दिलरुब्याला गज लागणार. सरळ सी लिहिणारा विचारत बसेल: हा तानपुरा आहे का? नाहीतर सतार आहे का? नाहीतर दिलरुबा? नवे वाद्य आले की प्रत्येक ठिकाणी एक प्रश्न वाढणार, आणि एखाद्या ठिकाणी तो वाढवायचा राहिला की वही बिघडणार.

सी भाषेत माहितीला जसा पत्ता असतो तसा कामालाही पत्ता असतो. त्याला 'फंक्शन पॉइंटर' म्हणतात. आम्ही प्रत्येक जातीच्या वाद्यासाठी एक तक्ता केला. तक्त्यात खाने ठरलेले: वाजणे, सुरात लावणे, पावती लिहिणे, मोडणे. तानपुऱ्याच्या तक्त्यात तानपुऱ्याच्या कामांचे पत्ते, सतारीच्या तक्त्यात सतारीचे. प्रत्येक वाद्याने जन्मतःच आपल्या जातीच्या तक्त्याचा पत्ता आपल्या पहिल्या डब्यात बाळगायचा. मग मुख्य प्रोग्रॅम कोणालाही जात विचारत नाही. तो फक्त म्हणतो, 'तुझ्या तक्त्यातील वाजण्याच्या खान्यात जो पत्ता असेल तिकडे जा, आणि हो, स्वतःला बरोबर घेऊन जा.' हे 'स्वतःला बरोबर घेऊन जाणे' सी भाषेत हाताने लिहावे लागते. ज्या दिवशी यादीत रुद्रवीणा आली त्या दिवशी आम्ही एक नवा डबा लिहिला, एक नवा तक्ता लिहिला आणि जुन्या प्रोग्रॅमची एकही ओळ बदलली नाही. वीणा वाजली. म्हणजे पडद्यावर तिच्या नावाची ओळ उमटली. पण आम्हा चौघांना ती ऐकू आली.

सतारमेकरांच्या घरचे वडीलधारे एक दिवस माळा चढून आले. आम्ही त्यांना मोठ्या उत्साहाने सगळे दाखवले. ते बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी विचारले, ''सब ठीक है. जवारी कौन निकालेगा?'' ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायचे तर घोडीचा वरचा भाग अगदी हलक्या हाताने घासून तारेचा झंकार खुलवतात, त्याला जवारी काढणे म्हणतात. ते मोजमापाने होत नाही, कानाने होते.

त्यांचा प्रश्न चुकून नेमक्या जागी बसला होता. सी भाषेत ऑब्जेक्ट करता येतात, पण ते सांभाळणे भाषेचे काम नाही, हाताचे काम आहे. वस्तू मोडायची आठवण सी देत नाही. मोडली नाही तर स्मृतीची जागा अडून राहते. तानपुऱ्याचा पत्ता बळेच सतारीचा म्हणून दिला, तर सी तो मुकाट्याने घेते आणि जिथे पडदेच नाहीत तिथे पडदे शोधू लागते. डॉसच्या काळात अशा वेळी सगळे यंत्रच गोठायचे. तक्त्यातला एखादा खाना रिकामा राहिला तरी तीच गत. ज्या भाषांत हा विचार मुळातून बसवलेला आहे, त्या यातल्या पुष्कळ गोष्टी कंपायलरवर सोपवतात. सीमध्ये प्रत्येक घोडी स्वतः घासावी लागते.

मग आम्ही हे असले काम करून मिळवले काय? हा प्रश्न आम्हाला लोकांनीच विचारला, तोही कठोरपणे. २००१ साली अमेरिकेतील तेजी ओसरली होती, नोकऱ्या आटल्या होत्या. आमच्यातले दोघे पुण्यात एका कंपनीत मुलाखतीला गेले. साहेबांनी विचारले, ''ऑब्जेक्ट ओरिएंटेड येतं? कशात केलंय?'' आम्ही म्हणालो, ''सीमध्ये.'' साहेब हसले, शेजारच्यालाही हसायला सांगितले आणि कागद बाजूला सारला. परतीच्या गाडीत सातारा येईपर्यंत आम्ही बोललो नाही. अपमान नोकरी न मिळण्याचा नव्हता. जे आमच्या हाताने खरे करून पाहिले होते, ते अस्तित्वातच नाही असे कोणी तरी हसून ठरवले होते.

काही महिन्यांनी शिंप्याची मुलगी दुसऱ्या एका कंपनीत गेली. तिथे व्याख्या विचारल्या नाहीत. कागद पुढे केला आणि विचारले, 'सी प्लस प्लसमध्ये व्हर्च्युअल फंक्शन आतून कसे चालते, काढून दाखवा.' तिने सी प्लस प्लस कधी चालवलेही नव्हते. तिने डबा काढला, डब्यातून बाण काढला, बाणापुढे तक्ता काढला, तक्त्याच्या खान्यांतून कामांचे पत्ते काढले. तेच उत्तर होते. विजेच्या उपकरणांच्या आत बसणाऱ्या छोट्या संगणकांचे काम तिला मिळाले, आणि ते काम सीमध्येच चालते.

उत्तर तेच असण्याचे कारण इतिहासात आहे. ब्यार्ने स्ट्रुस्ट्रुप यांनी केंब्रिजमध्ये असताना सिम्युला वापरली होती. तिची मांडणी त्यांना आवडली, पण ती फार संथ चाले. १९७९ साली बेल लॅब्समध्ये त्यांनी सी भाषेलाच क्लासची जोड द्यायला घेतली. पहिले नाव 'सी विथ क्लासेस', १९८३ मध्ये 'सी प्लस प्लस'. १९८५ साली ती बाजारात आली. आणि तिचा पहिला कंपायलर, 'सीफ्रंट', काय करायचा? सी प्लस प्लसमध्ये लिहिलेल्याचे सी भाषेत रूपांतर करायचा. म्हणजे यंत्राकडे जाताना तो नवा विचार जुन्याच भाषेतून जात होता. आम्ही माळ्यावर हाताने जे करत होतो, ते सीफ्रंट आपोआप करी.

हे केवळ गरिबाघरचे जुगाड नाही, हेही सांगितले पाहिजे. हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली सुरू केलेले लिनक्स आज जगातील असंख्य सर्व्हरांवर आणि प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये आहे. त्याचा गाभा प्रामुख्याने सीमध्येच आहे. त्यात फाइलसाठी एक तक्ता असतो: उघडणे, वाचणे, लिहिणे, सोडणे. प्रत्येक उपकरण आपापले पत्ते त्या तक्त्यात भरते. आमचा वाद्यांचा तक्ता आणि तो तक्ता एकाच जातीचा. आज शाळकरी मुले पायथनमध्ये ऑब्जेक्ट शिकतात. त्या पायथनचा सर्वाधिक वापरात असलेला इंटरप्रिटर सीमध्ये लिहिलेला आहे, आणि त्यातील प्रत्येक वस्तूच्या डोक्यावर तोच लहानसा डबा असतो. त्यात वस्तूचे किती धनी आहेत याची मोजणी असते आणि ती कोणत्या जातीची आहे याचा पत्ता असतो.

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग झालेच की. जुन्या यंत्रावरही माणूस शिकतो, नव्याची गरज काय? हे वाक्य आम्ही फार ऐकले आहे. शाळेला प्रयोगशाळा नाही, तरी मुले पास होतात ना? मोहल्ल्यात वाचनालय नाही, तरी एखादा पुढे जातोच ना? आमची हकीकत अशा वाक्याला आधार म्हणून कोणी वापरू नये, म्हणूनच हा लेख लिहिला आहे. चौघांत एक पुस्तक असणे ही शिकण्याची पद्धत नव्हे. त्या माळ्यावर आमच्याबरोबर आणखी अकरा जण होते. तीन यंत्रांपुढे पाळी येत नाही म्हणून ते एकेक करून गळाले. त्यांच्यात आमच्याहून हुशार होते. अभावातून जो तरतो त्याचे कौतुक करताना जे बुडाले त्यांची मोजणी सोडून द्यायची, ही लबाडी आहे. चांगले औजार हा हक्क आहे. मुलीला पायथन शिकायचे असेल तर तिला चांगले यंत्र आणि चांगला मास्तर मिळालाच पाहिजे.

आमचे म्हणणे एवढेच की औजार मिळाल्यावरही एकदा ते उघडून आत पाहावे. नव्या भाषेत 'क्लास' असा एक शब्द लिहिला की डबा, वारसा, तक्ता सारे तयार मिळते. ते घ्यावे, सुखाने वापरावे. पण त्या शब्दामागे काय चालले आहे हे ज्याने एकदा हाताने केले आहे, त्याला भाषा बदलली म्हणून भीती वाटत नाही. आमच्यातला फिटरचा मुलगा गेल्या पंचवीस वर्षांत पाच भाषांतून गेला. तो म्हणतो, प्रत्येक नवी भाषा ही फक्त नव्या गावची बोली आहे. विचारपूस तीच करायची असते.

भाईजान आता थकले आहेत. क्लास केव्हाच बंद झाला. मोहल्ल्यातील मुले आता फोनवर प्रोग्रॅम लिहितात आणि यंत्राला सांगून लिहूनही घेतात. यंत्राने लिहिलेले बरोबर आहे का, हे पाहायला ती कधी कधी आमच्याकडे येतात. आम्ही त्यांना पहिला प्रश्न विचारतो: ही वस्तू आपल्याबरोबर काय बाळगते आणि तिचा पत्ता कोणाकोणाकडे आहे? ज्याला हे सांगता येते त्याला आम्ही पुढे काही शिकवत नाही. त्याचा हात बसला आहे. ज्याला सांगता येत नाही त्याच्यापुढे आम्ही कोरा कागद ठेवतो आणि म्हणतो, बस, एक डबा काढ.